घराची किंमत आणि बँकेचे कर्ज

घराची किंमत किती, या प्रश्नाला एकाच घरापुरती तीन उत्तरे मिळतात. विकणारा व घेणारा यांच्यांत ठरलेली सौद्याची किंमत. जिच्यावर मुद्रांकशुल्क आकारले जाते ती सरकारी गाइडलाइनची किंमत. आणि बँकेने नेमलेला मूल्यांकनकार पाहणी करून लिहितो ती तिसरी. कर्ज देताना बँक बहुधा सौदा व मूल्यांकन यांपैकी जी किंमत कमी, तीच धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. समजा, सौदा 20 लाखांचा झाला आणि मूल्यांकन 16 लाखांचे आले. घेणाऱ्याने 18 लाख गृहीत धरलेले असतात; मिळतात फार तर 14 लाख 40 हजार. पदरचे दोन लाख घालायचे, तिथे 5 लाख 60 हजार उभे करावे लागतात. पुष्कळांचे बयाणे येथेच बुडते.

मूल्यांकन कमी का येते? मूल्यांकनकार आसपासच्या रजिस्ट्र्या पाहतो. मुद्रांकशुल्क वाचविण्यासाठी लोकांनी कागदावर कमी रक्कम लिहिलेली असते. ती बचत एकाची, पण तिचा भार शेजाऱ्याच्या कर्जावर पडतो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. परसवाड्यासारख्या गावी तर सौदेच मोजके. तुलनेला आधार कसला घ्यावा? 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेमुळे आबादीतील घरांना मालकीचा कागद मिळू लागला. त्यावर कर्ज मागता येते, हे मोठेच काम झाले. मात्र कागद मालकी सांगतो, किंमत सांगत नाही.

शेतजमिनीची गोष्ट निराळी. बैहर भागातील आदिवासींची जमीन मध्यप्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम 165 प्रमाणे बिगर-आदिवासीस विकता येत नाही. गिऱ्हाईक थोडे, म्हणून तारण म्हणून तिची किंमतही थोडी. तरीही हे बंधन काढावे, या मताचा मी नाही. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात कापसाचा भाव चढला, तेव्हा दख्खनच्या सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. भाव कोसळताच हात आखडला, जमिनी त्यांच्याकडे जाऊ लागल्या, आणि मे 1875 मध्ये सुपे येथे दंगा उसळला. शेतकऱ्यासाठी किसान क्रेडिट कार्डाची वाट अधिक बरी: तेथे मर्यादा जमिनीच्या विक्रीमूल्यावर नव्हे, तर पीक व क्षेत्र यांवर ठरते आणि 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंत तारण द्यावे लागत नाही.