विश्लेषण : वेबसाइटवर नकाशाऐवजी करडी चौकट का दिसते?

कोकणातला होमस्टे असो, तालुक्याच्या गावातले क्लिनिक असो की एखादे देवस्थान. वेबसाइटवर ‘आमच्यापर्यंत कसे याल’ या मथळ्याखाली बोटाने सरकवता येणारा नकाशा हवाच असतो. मात्र कोड पेस्ट करून पान उघडावे, तर अनेकदा नुसती करडी चौकट दिसते. वाट शोधणारा पाहुणा तेवढ्यावरून मागे फिरतो. बहुतेक वेळा नकाशा बिघडलेला नसतो. ब्राउझरने त्याला जाणूनबुजून अडवलेले असते.

ब्राउझर नकाशा का अडवतो?

नकाशाचे साधे चित्र टाकले तर ब्राउझर ते निमूट दाखवतो. मोठा-लहान होणारा नकाशा मात्र चित्र नसून दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवरून येणारा जावास्क्रिप्ट प्रोग्राम असतो. अशी स्क्रिप्ट एकदा तुमच्या पानात शिरली, की तिला त्या पानाचे सगळे अधिकार मिळतात. शेजारच्या बुकिंग फॉर्ममध्ये पाहुणा कोणता मोबाइल क्रमांक टाइप करतो आहे, हेही ती वाचू शकते. म्हणून दारातच चौकशी होते.

ही चौकशी जुनी आहे. १९९५ मध्ये नेटस्केपने जावास्क्रिप्ट आणले, त्याच सुमारास एका वेबसाइटच्या स्क्रिप्टने दुसरीची माहिती वाचू नये हा नियमही आला. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकर याने मायस्पेसवरील आपल्या प्रोफाइलमध्ये दडवलेली स्क्रिप्ट एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक प्रोफाइलमध्ये पसरली. वेबसाइट बनवून देणाऱ्या अनेक तयार सेवा आजही पेस्ट केलेल्या कोडमधून स्क्रिप्टचा भाग गुपचूप काढून टाकतात, तो अशाच प्रकारांच्या धास्तीने.

ही काळजी अतिरेकी नाही का?

जून २०२४ मध्ये जे घडले ते पाहता, नाही. जुन्या ब्राउझरांना मदत करणारी ‘पॉलिफिल डॉट आयओ’ ही स्क्रिप्ट असंख्य वेबसाइटवर वापरात होती. गूगल मॅप्सच्या नमुना कोडमध्येही तिची ओळ बराच काळ होती. ज्यांनी तो नमुना जसाच्या तसा उचलला, त्यांच्या पानावर ती आपोआप आली. हे डोमेन २०२४ मध्ये फनल नावाच्या चिनी कंपनीकडे गेले आणि काही महिन्यांत तिथून घातक कोड वाटला जाऊ लागला. एक लाखाहून अधिक वेबसाइट त्या जाळ्यात होत्या. मोबाइलवरून येणाऱ्यांना सट्टेबाजीच्या पानांवर ढकलले जाई, आणि वेबसाइटचा व्यवस्थापक पाहतो आहे असे दिसले की स्क्रिप्ट गप्प बसे. म्हणजे मालकाला काही कळणार नाही, अशीच तजवीज. तुमचा नकाशा त्याआधीचा असेल, तर पानाच्या कोडमध्ये ‘पॉलिफिल’ हा शब्द शोधा आणि ती ओळ काढून टाका. आजच्या ब्राउझरांना तिची गरज उरलेली नाही.

नेमके कुठे अडले, हे कसे ओळखावे?

संगणकावर पान उघडून एफ-१२ दाबा आणि ‘कन्सोल’ हा भाग पाहा. तिथल्या लाल ओळीत नकार कुणी आणि का दिला, हे लिहिलेले असते. ती ओळ न वाचताच कोड पुन्हा पुन्हा पेस्ट करण्यात लोकांचे तास जातात.

‘मिक्स्ड कंटेंट’ असे दिसले, तर पान एचटीटीपीएसवर आणि नकाशाची स्क्रिप्ट साध्या एचटीटीपीवर आहे. फायरफॉक्सने ऑगस्ट २०१३ मध्ये आवृत्ती २३ पासून असा मेळ रोखायला सुरुवात केली. इतर प्रमुख ब्राउझरही तो रोखतात. पत्त्यात एक ‘एस’ वाढवला की बहुधा काम होते.

‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ हे शब्द असतील, तर अडवणूक तुमच्याच सर्व्हरच्या नियमांनी केली आहे. या नियमांत स्क्रिप्ट, चित्रे, शैलीची फाइल यांना वेगवेगळी परवानगी द्यावी लागते. लीफलेटसारख्या मोफत साधनात हे चौकटीकडे पाहूनही कळते. अधिक-उणेची बटणे दिसतात पण मागे सगळे करडे, म्हणजे स्क्रिप्ट आत आली पण नकाशाचे तुकडे बाहेर राहिले. तुकडे पत्त्यांसारखे विस्कटलेले दिसतात, म्हणजे शैलीची फाइल अडली. आणि काहीच दिसत नसेल, तर आधी चौकटीला उंची दिली आहे का ते बघा; तिथे सुरक्षेचा काही संबंध नसतो! परवानगी देताना मात्र नकाशा पुरवणाऱ्या पत्त्यापुरतीच द्या. ‘सगळ्यांना मुभा’ देणारी तारांकित चिन्हाची ओळ हा इंटरनेटवर सर्रास मिळणारा सल्ला आहे, आणि तो वाईट आहे.

गूगलचा नकाशा काळवंडून त्यावर ‘फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली’ उमटले, तर प्रश्न ब्राउझरचा नसून चावीचा, म्हणजे एपीआय कीचा किंवा बिलिंग खात्याचा आहे. ‘रेफरर नॉट अलाउड’ आले, तर चावी ज्या वेबसाइटपुरती बांधली आहे त्या यादीत तुमचा पत्ता नाही. यादीत तो घाला, पण बंधन काढू नका. पानाच्या कोडमधली चावी कुणालाही दिसते आणि वापर झाला की बिल तुमच्या नावावर येते.

फोनवरच नकाशा चालत नसेल तर?

घरच्या संगणकावर बनवलेले पान वायफायवरून फोनवर तपासताना हा अनुभव हमखास येतो. नकाशा दिसतो, पण ‘माझे ठिकाण’ दाबले की नकार. संगणकावरचा ‘लोकलहोस्ट’ ब्राउझर सुरक्षित मानतो. फोनवर टाकलेला १९२.१६८ ने सुरू होणारा साधा एचटीटीपी पत्ता मानत नाही. क्रोमने एप्रिल २०१६ मध्येच असुरक्षित पानांना ठिकाण सांगणे बंद केले. पान एचटीटीपीएसवर चढवले की हा नकार जातो. जाहिराती रोखणारे ॲप किंवा ब्राउझरही नकाशा अडवू शकतात, त्यामुळे दुसऱ्या ब्राउझरमध्ये एकदा पाहावे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडला, की त्यातल्या क्रोमचा कन्सोल संगणकावर वाचता येतो.

स्क्रिप्ट टाळून नकाशा लावता येतो का?

एकच ठिकाण दाखवायचे असेल, तर येतो. संगणकावर गूगल मॅप्समध्ये ‘शेअर’ दाबून ‘एम्बेड अ मॅप’ निवडले की आयफ्रेमचा तयार कोड मिळतो. चावी लागत नाही. आयफ्रेम ही पानातली वेगळी खोली समजा. आतला नकाशा तुमच्या बुकिंग फॉर्ममध्ये डोकावू शकत नाही. फक्त ब्राउझरच्या पट्टीतला नेहमीचा पत्ता उचलून आयफ्रेममध्ये टाकू नका, ‘रिफ्यूज्ड टू कनेक्ट’ एवढेच दिसेल. ते पान दुसऱ्याच्या चौकटीत उघडायला गूगलनेच मनाई केली आहे. एकाच होमस्टेसाठी चावी, बिलिंग खाते आणि स्क्रिप्टचा खटाटोप करण्याचे कारण नाही. पंचवीस किल्ले किंवा गावातली सगळी दुकाने एका नकाशावर मांडायची असतील, तेव्हा स्क्रिप्टकडे वळावे.