ब्रह्मगिरीचे पाणी, विहिरीचे पाणी

त्र्यंबकेश्वराचा ब्रह्मगिरी चढताना शेतकऱ्याला गौतम ऋषींची कथा परकी वाटत नाही. दुष्काळातही धान्य पिकवणारे ऋषी, पिकात शिरलेली गाय, दर्भाच्या काडीने झालेली गोहत्या, आणि ते पाप धुण्यासाठी शंकराने जटा आपटून सोडलेली गंगा. पीक, गुरे, पाणी. सगळे आपल्याच घरचे!

भूगर्भशास्त्राची हकिकत निराळी, पण नवलात उणी नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा वाहिला, थरावर थर थिजला. तोच हा काळा पाषाण. डोंगरावरचा पाऊस त्याच्या फटींतून मुरतो, खाली घट्ट थर लागला की आडवा सरकून झऱ्यावाटे बाहेर पडतो. अरबी समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या आत. पण उतार पूर्वेचा, म्हणून गोदामाई १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते.

आपल्या विहिरीचा झराही असाच फटींतला. फटी संपल्या की खाली कोरडा खडक, मग बोअर कितीही खोल न्या. आणि बांध फोडून, झाडे तोडून पाणी मुरायचे कसे?

आमची आजी दिवाळीनंतर गाठी मारलेला दोर सोडून विहिरीचे पाणी मोजी. आधी गंगेला नमस्कार, मग मोजणी.