वीस फ्रेम पुढचा आवाज

घाटंजीच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागलाय, असं समजा. पडद्यावर नटी बोलते आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला तिचे शब्द किंचित उशिरा मिळतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, फिल्म सेकंदाला २४ फ्रेम. म्हणजे पडद्यामागच्या स्पीकरपासून दर १४ मीटरला एका फ्रेमचा उशीर. एवढा आपल्याला जाणवत नाही. साउंड इंजिनिअरला मात्र असल्याच हिशेबात आयुष्य काढावं लागतं.

मराठीतल्या पहिल्या बोलपटाचं, १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’चं, ध्वनिमुद्रण केलं ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या विष्णुपंत दामले यांनी. मूळचे ते नाटकांचे पडदे रंगवणारे! गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोरच गायचे. संवाद, गाणं, वाद्यं सगळं एका दमात टिपायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

तो आवाज फिल्मवर उतरायचा तो उजेडाच्या रूपात. मायक्रोफोनमधल्या विजेनुसार प्रकाश कमीजास्त व्हायचा आणि चित्रांच्या कडेला जेमतेम अडीच मिलिमीटरची पट्टी उमटायची. थिएटरात दिव्याचा उजेड या पट्टीतून आरपार जाऊन फोटोसेलवर पडे, त्याची पुन्हा वीज होई आणि स्पीकर बोलू लागे. पट्टीवर ओरखडा पडला की खरखर आलीच.

गोम पुढेच आहे. चित्र दिसण्यासाठी प्रत्येक फ्रेम भिंगासमोर क्षणभर थांबावी लागते. आवाजाला मात्र सलग चाल हवी. दोन्ही एका जागी जमणं शक्य नाही. म्हणून आवाज वाचणारा भाग भिंगाच्या खाली बसवला आणि प्रत्येक चित्राचा आवाज फिल्मवर सुमारे वीस फ्रेम, म्हणजे ३८ सेंटिमीटर, पुढे छापला. रीळ तुटलं की ऑपरेटर दोन-चार फ्रेम कापून ते चिकटवायचा. मग आधी चित्र उडी मारायचं आणि पाऊण सेकंदानं एखादा शब्द गिळला जायचा. प्रेक्षक शिट्ट्या मारायचे ऑपरेटरच्या नावानं. बिचाऱ्याचा त्यात काय दोष?

आता रीळ गेलं, फाइल आली, पण ओठ आणि शब्द जुळवण्याचं काम तसंच आहे. हे काम शिकवणारी फिल्म इन्स्टिट्यूट पुण्यात ‘प्रभात’च्याच आवारात १९६० साली सुरू झाली. ‘स्लमडॉग मिलेनियर’साठी २००९मध्ये ऑस्कर मिळवणारे साउंड इंजिनिअर रसूल पुकुट्टी तिथलेच. तिथल्या ध्वनी विभागासाठी पदवीबरोबर बारावीचं भौतिकशास्त्रही मागत आले आहेत. घाटंजीतल्या ज्या पोराला स्पीकर उघडून बघायची खोड आहे, त्यानं अकरावीला विषय निवडण्याआधीच त्या वर्षीचे प्रवेशाचे नियम वाचावेत.