डाएटची बाटली पिऊन वजन उतरतं का?

राजगड उतरून गुंजवण्यात आलात की पहिली नजर जाते टपरीवरच्या थंड बाटल्यांकडे. हल्ली त्यांत 'डाएट' आणि 'झीरो'ही दिसतात. वेल्ह्याच्या माझ्या मामांना मधुमेह आहे. मागच्या सुट्टीत त्यांनी तशीच एक बाटली उघडली आणि म्हणाले, "तू पीएचडी करतेस ना, मग सांग, यानं वजन उतरतं का?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितेय.

साध्या कोल्यात 100 मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे 300 मिलीच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर. डाएटमध्ये तिच्या जागी ॲस्पार्टेम, सुक्रालोज वगैरे घालतात (लेबलवर 951, 955 हे आकडे म्हणजे तेच). ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे 200 पट गोड, सुक्रालोज 600 पट. त्यामुळे अगदी थोडंसं पुरतं आणि कॅलरी जवळपास शून्य.

मग वजन उतरायलाच हवं, नाही का? नेदरलँड्समध्ये 641 मुलांना 18 महिने रोज 250 मिली पेय दिलं, निम्म्यांना साखरेचं, निम्म्यांना बिनसाखरेचं. वाढत्या वयाची मुलं, वजन दोन्हीकडे वाढलं. पण साखरवाल्यांचं सरासरी 7.37 किलो आणि दुसऱ्यांचं 6.35. दीड वर्षात एक किलोचा फरक.

तरीही मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन कमी करायला हे पदार्थ वापरू नका. कारण वर्षानुवर्षं लोकांच्या नुसत्या नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासांत डाएट पिणाऱ्यांचंच वजन जास्त निघतं. पण थांबा. डाएट पितं कोण? ज्याचं वजन आधीच वाढायला लागलंय तो! आधी काय झालं आणि नंतर काय, हे अशा नोंदींतून सुटत नाही. म्हणूनच संघटनेनं ती शिफारस 'सशर्त' ठेवली. शिवाय आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, म्हणजे मामा त्यातून बाहेर.

मामांच्या कामाचा अभ्यास चेन्नईचा. टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांनी 12 आठवडे चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज घातलं. तीन महिन्यांची सरासरी साखर दोन्ही गटांत सारखीच राहिली, वजन आणि कंबर मात्र किंचित उतरली. मला हा अभ्यास आवडतो, कारण आपली साखर बाटलीत कमी आणि कपात जास्त असते. मामांचे दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे: चाळीसेक ग्रॅम, 160 कॅलरी. (भोर तालुक्यात साखर कारखाना, तिथं पाहुण्याला फिका चहा द्यायचा म्हणजे अपमानच!) आणि बाटली डाएटची म्हणून सोबत दुसरा वडापाव मागवला, तर वाचलेलं सगळं तिथंच गेलं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना दोनदा सांगितली. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी किंवा इन्सुलिननं गड चढताना साखर एकदम खाली जाऊ शकते: हात थरथरतात, घाम फुटतो. तेव्हा डाएटची बाटली काहीच कामाची नाही. खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडीच हवी. मामींनी ऐकलं आणि लगेच त्यांच्या पिशवीत एक पुडी टाकली.