मे महिन्याची गाणी

कोकणात उन्हाळ्याची गाणी म्हणजे गाव माणसांनी भरलेला असतानाची गाणी. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीलगत, यशवंतगडाच्या शेजाराने वसलेले नाटे अशाच गावांपैकी एक. या पट्ट्यातल्या अनेक घरांतली कर्ती माणसे मुंबईला नोकरी करतात. शिमगा, मे महिना आणि गणपती या तीन निमित्तांनी चाकरमानी गावाकडे धावतात. त्यांतली पहिली दोन उन्हाळ्यातली, आणि त्या दिवसांत कानावर पडलेली गाणी जन्मभर पुरतात.

सुरुवात शिमग्याच्या नमन-खेळ्यांनी होते. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. खेळ्यांत मृदंगाच्या साथीवर आधी देवदेवतांना नमन होते, मग संकासूर आणि गोमू ही सोंगे येतात. गोमूचे सोंग पुरुषच घेतो. या चाली पिढीजात आहेत. आजोबांच्या मांडीवर बसून ज्याने त्या ऐकल्या, तोच पुढे मृदंगाला बसतो.

मे महिन्यात घरोघरी पावसाळ्याची बेगमी चालते. बायका खळ्यातल्या मांडवाखाली रातांबे फोडायला बसतात. बिया आणि गर बाजूला काढून त्यांत मीठ घालायचे, सुटलेल्या रसाची सालांना पुटे द्यायची आणि ती पुन्हा पुन्हा उन्हात वाळवायची, की आमसुले तयार. दुसरीकडे आमरस ताटांत ओतून साठे घालायची. हात गुंतलेले, पण तोंड मोकळे. म्हणून या कामाला पूर्वी ओव्यांची आणि लग्नातल्या गाण्यांची सोबत असे. पुढे मांडवाच्या खांबाला ट्रान्झिस्टर लटकू लागला.

रेडिओने आणलेल्या गाण्यांत काही या सुट्टीत अगदी मिसळून गेली. ‘देवबाप्पा’ (१९५३) चित्रपटातले ‘नाच रे मोरा’ हे ग. दि. माडगूळकरांचे, पु. ल. देशपांडे यांनी चाल दिलेले आणि आशा भोसले यांनी गायलेले गाणे खरे तर पावसाचे. पण मेच्या अखेरीस वळीव आला, की कलमांच्या बागेत मुलांच्या तोंडी तेच येते. कोळीवाड्याच्या वाऱ्याचे ‘मी डोलकर’ शांता शेळके यांनी लिहिले आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केले. माडगूळकरांचेच ‘वैशाख वणवा’ चित्रपटातले, पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या आवाजातले ‘गोमू माहेरला जाते’ तर होडीतून कोकण दाखवणारे गाणे आहे.

हे एकच गाणे प्रत्येक पिढीला वेगळी आठवण देते. घाटरस्ते आणि पूल होण्याआधी मुंबईचा माणूस आगबोटीने येई. जैतापूर आणि मुसाकाजी ही तिची थांबायची बंदरे. बोट खोल पाण्यात उभी राही, उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणत, आणि पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. ज्यांनी तो प्रवास केला, त्यांना हे गाणे ऐकताना पडाव दिसतो. त्यांच्या मुलांना लग्नाच्या मांडवातला कर्णा आठवतो. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाल्यानंतर जन्मलेल्यांना राजापूर रोड स्थानक आणि तिथून पुढची गाडी आठवते.

असे का होते, याचा शास्त्रज्ञांनीही शोध घेतला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले पीटर जनाटा यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुणांना त्यांच्या लहानपणीची गाणी ऐकवून मेंदूची चित्रे घेतली. कपाळामागच्या मेंदूचा मधला भाग गाण्याची चाल आणि तिच्याशी जोडलेली स्वतःची आठवण, या दोन्हींना प्रतिसाद देताना दिसला. २०१३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रम्हान्सल यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांखेरीज आईवडिलांच्या तरुणपणातली गाणीही जवळची वाटत होती. लहानपणी घरात ऐकलेले संगीत हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले.

गावाकडचे घर मोठ्यांची गाणी लहानपणीच ऐकण्याची नेमकी हीच संधी देते. एरवी मुंबईत आणि गावात विखुरलेल्या तीन पिढ्या महिनाभर एका छपराखाली असतात. शिवाय जे गाणे बारा महिने ऐकू येते, त्याला एकच प्रसंग चिकटून राहत नाही. ठराविक ऋतूत, ठराविक अंगणात ऐकलेले गाणे मात्र तो प्रसंग घेऊनच परत येते.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्याआधी होड्या वर ओढल्या जातात, चाकरमानी मुलांच्या शाळेसाठी परततात आणि गाण्यांचा हा हंगाम संपतो. चित्रपटगीते ध्वनिमुद्रिकांवर टिकली आहेत, ती केव्हाही ऐकता येतात. नमनाच्या चाली आणि खळ्यातल्या ओव्या मात्र बहुतेक माणसांच्याच स्मरणात आहेत. त्या ऐकवणारी आजी आणि शिकणारी नात एकत्र येतात ती याच सुट्टीत, म्हणून त्या पुढे जाण्याचा मुख्य आधारही हीच सुट्टी आहे.