तिजोरीच्या दोन चाव्या आणि एकच पासवर्ड

बँकेची तिजोरी एकट्या माणसाला उघडता येत नाही. तिच्या दोन चाव्या दोघांजवळ असतात आणि दोघेही हजर असल्याखेरीज दार उघडत नाही. यात कुणावर अविश्वास दाखविलेला नसतो. उलट उद्या रक्कम कमी निघाली तर निर्दोष माणसावर आळ येऊ नये, ही सोयही त्यातच आहे. लेजरच्या काळात व्हाउचर एकाने लिहावे आणि दुसऱ्याने तपासून सही करावी, हाच नियम होता. संगणक आल्यावर सहीची जागा पासवर्डने घेतली. मात्र सही उसनी देता येत नाही, पासवर्ड देता येतो. आमच्या मते गोंधळाचे मूळ इथेच आहे.

आपल्या संस्थेचे बरेच सभासद कार्यालयात रोज संगणकावर बसतात आणि विद्यार्थी शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. दोघांच्याही उपयोगाचे म्हणून महाराष्ट्रातच घडलेली दोन प्रकरणे येथे मांडत आहोत.

पहिले पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेचे. जानेवारी २०१८ मध्ये नीरव मोदी यांच्या कंपन्यांचे लोक या शाखेत हमीपत्र मागावयास आले. बँकेने असे हमीपत्र दिले की त्याच्या भरवशावर दुसऱ्या बँकांच्या परदेशातील शाखा कर्ज देत. नव्या अधिकाऱ्याने पूर्ण रकमेची ठेव मागितली, तेव्हा पूर्वी अशी ठेव कधीच द्यावी लागली नाही, असे उत्तर मिळाले. दप्तर पाहिले तर पूर्वीच्या हमीपत्रांची नोंदच नव्हती! १४ फेब्रुवारी २०१८ रोजी बँकेने शेअर बाजारास सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा हा गैरव्यवहार कळविला. पुढे आकडा १३,००० कोटींच्या वर गेला.

नोंद नसताना हमी गेली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. परदेशी बँकांना निरोप 'स्विफ्ट' नावाच्या यंत्रणेतून जातो. एकाने निरोप तयार करायचा, दुसऱ्याने तपासायचा, मग तो पाठवायचा, अशी तिची रीत. म्हणजे तिजोरीच्याच दोन चाव्या. बँकेची खाती मात्र 'कोअर बँकिंग' या वेगळ्या प्रणालीत असतात. त्या काळी या बँकेत दोन्ही प्रणाली परस्परांशी जोडलेल्या नव्हत्या. स्विफ्टवरून हमी गेली की खात्यात नोंद माणसाने हाताने करायची. ती केलीच नाही, तर मुख्य कार्यालयाला काहीच दिसत नसे. आरोपी उपव्यवस्थापक २०१० पासून मे २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत याच शाखेत होता. एकाचा पासवर्ड दुसऱ्यांनी वापरल्याचे तपासात पुढे आल्याची वृत्तेही त्या वेळी प्रसिद्ध झाली. चाव्या दोन असल्या तरी एकाच खिशात गेल्या, तर त्यांना दोन का म्हणावे?

रिझर्व्ह बँकेने १३ मार्च २०१८ रोजी ही हमीपत्रे बंद केली आणि स्विफ्ट कोअर बँकिंगला जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ची मुदत घातली.

जोडले म्हणजे प्रश्न मिटला, असे कुणी समजू नये. त्याच वर्षी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत नेमका जोडच फोडला गेला. एटीएममध्ये कार्ड घातले की खात्यात पैसे आहेत काय, असा प्रश्न एका मधल्या यंत्रणेमार्फत बँकेकडे जातो. चोरट्यांनी या वाटेवर आपली खोटी यंत्रणा बसविली. प्रश्न बँकेपर्यंत पोहोचेचना, आणि खोटी यंत्रणा प्रत्येक मागणीस 'द्या' म्हणू लागली. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतात अडीच कोटी निघाले. १३ ऑगस्टला स्विफ्टवरून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींवर. एकीकडे जोड नव्हता म्हणून चोरी लपली, दुसरीकडे जोडावर पहारा नव्हता म्हणून झाली.

आता आपल्या घरात येऊ. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. पुष्कळ मुले तो नेट कॅफेत भरतात. पासवर्ड कॅफेवालाच ठरवतो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. पुष्कळदा साऱ्या मुलांना एकच. घाईत मोबाईल क्रमांकही त्याचाच टाकला जातो. तो माणूस प्रामाणिक असला तरी नुकसान व्हायचे ते होतेच. अर्जात त्रुटी निघाल्याचा निरोप त्याच्या फोनवर येतो, मुलाला पत्ता नसतो आणि मुदत टळते. ज्या घरी वसतिगृहाचा खर्च त्याच पैशावर आहे, तेथे एक वर्ष बुडणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना सांगायला नको.

आणखी एक जोड लक्षात ठेवावा. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येते, आणि खाती अनेक असली तरी सर्वांत शेवटी ज्या बँकेत आधार जोडले, तिच्याकडेच ती जाते. दुसरीकडे नवे खाते उघडताना संमतीच्या चौकटीत न वाचता खूण केली की पैसे तिकडे वळतात, आणि मुलगा जुने पासबुक घेऊन काउंटरवर फेऱ्या मारतो. कोणती बँक जोडलेली आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते.

न दिलेले न घेण्याचे शील आपण ग्रहण करतो. पासवर्ड मात्र आपण होऊन देतो. याचा कायदेशीर परिणामही आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची वा ग्राहकाची नसून तिसरीकडची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर तोशीस नाही. पण पासवर्ड त्यानेच दुसऱ्यास दिला असेल, तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान त्याचे. म्हणून आधी बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. नातेवाइकांशी चर्चा नंतर.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी एक सूचना. चेकवर अध्यक्ष आणि सचिव अशा दोन सह्या घेणाऱ्या संस्था नेटबँकिंग मात्र एकाच मोबाईलवर चालवतात. एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे, अशी सोय बँका देतात. त्यासाठी कार्यकारिणीचा ठराव आणि दोघांची वेगवेगळी नावे व मोबाईल क्रमांक शाखेत द्यावे लागतात.