सोळा हजार बाइटांतील खेळ

घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडायचा आणि कॅसेटवरून खेळ भरून घ्यायचा, असा एक संगणक १९८६ मध्ये भारतात आला. ब्रिटनमधील स्पेक्ट्रम या संगणकाची ही आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवान्याने काढली होती. मूळ स्पेक्ट्रम १९८२ चा. त्याच्या सर्वांत लहान प्रकारात केवळ १६,३८४ बाइटांची स्मृती होती. बाइट म्हणजे एक इंग्रजी अक्षर साठवण्याएवढी जागा. एवढ्या जागेत तर पुस्तकाची आठेक पानेच मावतील. मग खेळ कसा मावत असे?

‘जेटपॅक’ हा १९८३ मधील खेळ पाहा. ख्रिस आणि टिम स्टॅम्पर या बंधूंनी रचलेला हा खेळ त्या लहान प्रकारावरही चालत असे. पाठीवर उड्डाणयंत्र बांधलेला वीर अग्निबाणाचे विखुरलेले भाग जोडतो, त्यात इंधन भरतो आणि पुढच्या ग्रहाकडे निघतो. शत्रू सतत अंगावर येत असतात. कथा एवढीच.

आता हिशेब करा. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२, म्हणजे ४९,१५२ ठिपके. एका बाइटात आठ ठिपक्यांची नोंद होते. तेव्हा चित्रालाच ६,१४४ बाइट लागतात. रंगांना आणखी ७६८. उरलेल्या साडेनऊ हजारांहून कमी बाइटांत वीर, शत्रू, नियम, गुण, आवाज, सारे बसवायचे!

रंगांतील काटकसर डोळ्यांना जाणवे. आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग बसत. दोन आकृत्या जवळ आल्या की एकीचा रंग दुसरीला लागे. जेटपॅकच्या काळ्या आकाशात हा दोष पुष्कळसा झाकला जातो.

अडचणीतून कधी सोयही निघे. एका बाइटात ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. २५५ मध्ये १ मिळवला की पुन्हा ० येतो. पडद्याची रुंदीही नेमकी २५६ ठिपके! त्यामुळे उजव्या कडेने बाहेर गेलेल्याला डाव्या कडेने आत आणणे या यंत्राला सोपे होते, आणि जेटपॅकमधील वीर तसाच परत येतो.

कॅसेटवरून मोठा खेळ भरायला काही मिनिटे लागत. मध्येच वीज गेली, तर खेळ जाई आणि कष्टाने मिळवलेले सर्वाधिक गुणही पुसले जात, कारण ही स्मृती विजेवरच टिकणारी होती. मग कॅसेट मागे फिरवून सारे पहिल्यापासून भरावे लागे.